चोणकाच्या पोटातून काय काय निघालं

मानशीवरचा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे चिखलात पाय घातलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

परवा पुनवेच्या रात्री काकाबरोबर मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, गेलो होतो. काकाने यंदा पावणीत (लिलावात) मानस घेतली आहे, म्हणजे वर्षभर दारावर जाळं लावायचा हक्क त्याचा. भरती पुरी झाली, पाणी फिरलं, आतलं पाणी नदीत जायला लागलं तसं दार आपसूक उघडलं, तो लाकडाचा कुरकुर आवाज ऐकला की मला अजून अंगावर काटा येतो. तोंडाला पिशवीसारखं जाळं लावलं, दोनेक तासांनी उचललं. सुंगटं (कोळंबी) बऱ्यापैकी, बारके शेवटे (बोय), पाच-सहा काळुंदरं, आणि तळाला एक चोणक. सव्वादोन किलो भरला.

सकाळी आई विळीवर तो कापत होती आणि मी शेजारी बसलो होतो. पोट फुगलेलं दिसलं म्हणून म्हटलं फाडून बघ गे. आतून निघालं ते असं: एक वीतभर शेवटो, डोक्याकडून गिळलेला, डोकं विरघळून गेलेलं आणि शेपटी अजून चकचकीत. दोन सुंगटं. एका कुर्लीचा (खेकड्याचा) डेंगा, बाकी कुर्ली गायब. आणि एक काळं पडलेलं पान, कांदळाचं असावं, बोटभर तुकडा.

मग मला चेव आला, त्या शेवट्याचंही पोट फाडलं. आत सुपारीएवढी टणक गाठ, ती कापली तर आत चिखल आणि बारीक वाळू. बास.

तर प्रश्न दोन. चोणक पान खातो का? आणि हा शेवटो वाळू खाऊन जगतो की काय?

अलिबागचा_पाव्हणा
चोणक म्हणजे आमचा जिताडा ना? आमच्याकडे शेतातल्या तळ्यात सोडून वाढवतात, आणि पूर्वी काम करून घ्यायचं असेल तर साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचे 😄 पान खाताना कधी पाहिला नाही. बाकी पोटातलं वर्णन वाचून जेवण लांबणीवर टाकलंय.

चिखलवाचक
पान खात नाही हो. चोणक भक्ष्याला चावत नाही, तोंड एकदम उघडतो आणि समोरचं पाणीच आत ओढतो, त्या ओढीत मासा, सुंगट, काडी, पान जे असेल ते जातं. ते सुंगट त्या पानावरच बसलेलं असणार. आणि ते तिथे का बसलं होतं हा खरा प्रश्न आहे, त्यावर येतो.

आधी शेवट्याचं. तुम्ही सुपारीएवढी गाठ म्हणालात ती त्याच्या जठराची जाड भिंत, कोंबडीचा पोटा असतो ना तसाच. शेवटो चिखलाच्या वरचा पातळ थर ओठांनी खरवडतो. ओहोटीला उघड्या चिखलावर ऊन पडलं की सोनेरी-तपकिरी झाक दिसते बघा, पाय ठेवला की बुळबुळीत लागते, ती एकपेशीय शैवाळाची. डायटम म्हणतात. त्यांचं कवच काचेसारखं, ते फोडायला दात नाहीत म्हणून तो वाळू सोबत घेतो आणि पोट्यात दळतो. वाळू हे त्याचं जातं, पीठ वेगळंच. त्याचं आतडंही लांबच लांब असतं, गवत खाणाऱ्या जनावरासारखं. मी विद्यार्थी असताना एकदा मोजायला घेतलं होतं, टेबल संपलं.

खारीतली_बाय
म्हणूनच शेवट्याला कधी कधी चिखलाचा वास येतो. आमची सासू म्हणायची, शेवटो कुठल्या नदीचा ते जिभेला कळतं. ज्या खाडीत बोटींचं डिझेल तिथल्या शेवट्याला डिझेलचा वास. आता कळलं, तळाचा थरच खातो तर येणारच.

मानशीवरचा
वाळू हे जातं! हे आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग माझं मोडलेलं जातं त्याला दे.

@चिखलवाचक ते पानाचं राहिलं.

दिवाडची_फेरी
पानाचं मी सांगते, कारण माझं घर खारफुटीला लागून आहे आणि लॉकडाऊनमध्ये दुसरं काही करायला नव्हतं 🙂

मागल्या दारी पायरीवर बसलं की समोर चिखल. कांदळाचं पान पिवळं होऊन पडतं. पडलं की पाच मिनिटांत बिळातून एक छोटी तांबूस डेंग्याची कुर्ली येते, पान देठाकडून धरते आणि मागे मागे चालत बिळाकडे नेते. पान तिच्यापेक्षा मोठं, बिळाच्या तोंडाशी अडकतं, मग ती ते फिरवते, पुन्हा ओढते, अगदी दारातून सोफा आत नेताना आपण करतो तसं. दोन कुर्ल्या एका पानावरून भांडताना पण पाहिल्यात. ओली पानं लगेच खात नाहीत बहुतेक, आत ठेवतात, काही दिवसांनी कडू-तुरटपणा उतरला की खातात. जी पानं भरतीने वाहून जातात ती पाण्यात तपकिरी मग काळी होतात, हाताला साबणासारखी लागतात.

आणि शेजारी ती एक डेंगा मोठा असलेली कुर्ली असते ना, सारखी हात हलवत बसते, ती पान नाही खात, ती चिखलाच्या गोळ्या करून टाकते. दोघी शेजारणी पण स्वयंपाक वेगळा.

चिखलवाचक
क्या बात है @दिवाडची_फेरी, हे पुस्तकात वाचून इतकं स्पष्ट कळत नाही.

तो साबणासारखा थर म्हणजेच खरं अन्न. नुसतं पान म्हणजे पेंढा, त्यात नत्र कमी. त्यावर बुरशी आणि बॅक्टेरिया वाढले की नत्र वाढतो, म्हणजे पान जितकं कुजकं तितकं पौष्टिक. सुंगटं, किडे, बारके झिंगे तो थर खरवडून खातात आणि पान तसंच टाकतात, त्यावर पुन्हा थर चढतो, पुन्हा कोणी खातं. बिस्किटावरचं लोणी चाटून बिस्किट परत बशीत ठेवायचं तसं. म्हणून तुमच्या चोणकाच्या पोटात पान आणि सुंगट एकत्र आले.

बांधावरून
मंडळी सगळं छान चाललंय, पण एक बोलू? हे वाचून उद्या कोणीतरी म्हणेल बघा खारफुटी किती चांगली, अजून वाढू दे. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, बांध फुटून बरीच वर्षं झाली. कोमुनिदाद (गावाची जमीन सांभाळणारी संस्था) म्हणते कुळांच्या संघाने बांधायचा, संघ म्हणतो सरकारने, मध्ये एक कंत्राटदार येऊन गेला, त्याने माती टाकली ती पहिल्या पावसात गेली. खारं पाणी रोज आत. शेतात आधी गवत, मग मारांडी, आता पुरुषभर तिवर उभे आहेत. माझा आजा तिथे कोरगूट भात पिकवायचा. आता मी त्यातलं एक झाड तोडलं तर माझ्यावरच केस, कारण खारफुटी संरक्षित. आणि पक्षी बघायला आलेली मंडळी दुर्बीण लावून म्हणतात वॉव.

गोव्यात खाजनं आहेत सुमारे १८,००० हेक्टर. ती काय निसर्गाने दिली? माणसाने दलदलीत बांध घालून, मानशी बसवून, हाताने केलेली जमीन आहे. ती पाण्याखाली गेली की त्याला जैवविविधता म्हणायचं का?

पाणकावळा
@बांधावरून भाऊ राग समजतो, पण खारफुटी आली म्हणजे मासा वाढणार ना? सगळीकडे हेच सांगतात, खारफुटी म्हणजे माशांची नर्सरी. नुकसान काय एवढं?

बांधावरून
मासा वाढला तर तो माझ्या शेतात वाढला, आणि पकडणारा तिसराच. भात गेलं ते गेलं.

मानशीवरचा
काकालाही हेच विचारलं. तो म्हणाला बांध फुटलेल्या खाजनात मानस नुसती देवळासारखी उभी असते, पाणी बाजूने जातं-येतं, दाराला काम नाही, मग जाळं कुठे लावणार. मासा सगळीकडे असतो म्हणजे कुठेच नसतो. दार आहे म्हणून मासा एका जागी येतो.

भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, दार बंद. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, दार उघडं. वीज नाही, माणूस नाही. पण हल्ली काही मानशीवाले भरतीलाही दाराला लाकूड लावून उघडं ठेवतात, खारं पाणी आणि सुंगटं जास्त आत यावीत म्हणून. एका हंगामात पैसा मिळतो आणि शेजारच्या शेताची माती खारट होते. भांडणं इथेच सुरू होतात. (काका तसं करत नाही असं तो म्हणतो. मी रात्रभर जागा नव्हतो.)

चिखलवाचक
@पाणकावळा नर्सरी हे बरोबर आहे पण अर्धं. मुळांमध्ये बारक्या माशांना लपायला जागा मिळते, मोठा चोणक तिथे घुसू शकत नाही, हे नक्की. पण "सगळा मासा खारफुटीच्या पानावर जगतो" हे पूर्वी जितकं छातीठोकपणे म्हणायचे तितकं आता म्हणत नाहीत. माशाच्या मांसातल्या कार्बनचं वजन मोजून तो कार्बन पानाचा की शैवाळाचा हे ओळखता येतं, दोघांची खूण वेगळी. जगात बऱ्याच खाड्यांमध्ये असं दिसलं की माशांच्या अंगात पानापेक्षा चिखलावरच्या त्या बुळबुळीत थराचा आणि पाण्यातल्या शैवाळाचा वाटा जास्त. म्हणजे उघडा चिखल, जो आपल्याला ओसाड वाटतो आणि ज्यावर लोक झाडं लावायला धावतात, तोही तितकाच मोलाचा. झाड, उघडा चिखल, पोंय (मानशीमागचं तळं), भात काढल्यावर पाण्यात कुजणारी धसकटं, नदीचं उघडं पात्र, हे सगळं एकमेकांना लागून असलं की ताट भरतं. एकच एक वाढलं की पंगतीत फक्त भात.

त्यामुळे @बांधावरून यांचं म्हणणं मला पटतं. आणि मी खारफुटीवर शिकलोय बरं का, म्हणजे माझ्या जातीविरुद्ध बोलतोय.

पाणकावळा
बरं. पण मग चोडण बेटावर काय करायचं? सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ ला जाहीर झालं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास असेल, तिथे तर खारफुटीच हवी. रायबंदरहून फेरी पकडून थंडीत पहाटे जा, ओहोटीला चिखलावर तुतवार, चिखले, वर खंड्या. गळ्याला पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या खारफुटीतच दिसतो, आमच्या विहिरीवर नाही येत.

बांधावरून
चोडणला असू दे की. मी माझ्या शेताबद्दल बोलतोय.

दिवाडची_फेरी
दोघेही शांत 🙂 तुतवार काय खातात ते बघितलंय का कोणी? चोच शिवणाच्या मशीनसारखी चालते. लांब चोचीवाले खोल बसलेले किडे काढतात, आखूड चोचीवाले वरवरचे. त्या एका चिखलात मजले आहेत, प्रत्येकाचं भाडं वेगळ्या मजल्याचं.

हिशेबी
मी अकाउंटंट, मला आकडे लागतात. शाळेत शिकलो होतो, खाल्लेल्यातलं दहा टक्केच पुढच्या पायरीला जातं. म्हणजे सव्वादोन किलोचा चोणक = साडेबावीस किलो शेवटे = सव्वादोनशे किलो तो बुळबुळीत थर. बरोबर ना? मग मार्केटात चोणक एवढा महाग का ते आज कळलं.

चिखलवाचक
हाहा, ढोबळ म्हणून ठीक. दहा टक्के हा सरासरी अंदाज आहे, कुठे कमी कुठे जास्त. पिंजऱ्यात ताज्या बारक्या माशांवर चोणक वाढवतात तिथे एका किलोला साधारण चार ते आठ किलो मासा जातो. पण नदीतल्या चोणकाला पळावंही लागतं.

आणि हे अन्न सरळ शिडीनेही चढत नाही. त्या चोणकाच्या पोटात बघा, शेवटो एका पायरीचा (थर → शेवटो), सुंगट दुसरीकडून (पान → बुरशी → सुंगट), कुर्ली तिसरीकडून. एकाच पोटात तीन वाटा येऊन मिळाल्या. म्हणून साखळी न म्हणता जाळं म्हणतात.

खारीतली_बाय
पावसाळ्यात हे सगळं कुठे जातं पण? जुलैत आमच्या धक्क्यावरचं पाणी लाल आणि चक्क गोडं लागतं.

चिखलवाचक
हा गोव्याचा खास खेळ. मे महिन्यात मांडवीच्या तोंडाशी पाणी समुद्राएवढं खारं, लिटरला ३५ ग्रॅमच्या जवळपास मीठ. जुलै-ऑगस्टात वरचं पाणी जवळजवळ गोडं, खारं पाणी जड म्हणून तळाने पाचरीसारखं आत घुसलेलं. वर्षभराचं जवळपास सगळं पाणी पावसाच्या चार महिन्यांत येतं. पाणी गढूळ, ऊन खाली पोचत नाही, शैवाळ मंदावतं, ज्याला सोसत नाही तो समुद्राकडे सरकतो किंवा शिंपी मिटून बसतो. तिसऱ्या हेच करतात, आणि गोडं पाणी फार दिवस राहिलं तर मरतातही. मग पाऊस ओसरला की पाणी निवळतं, डोंगरावरून आलेलं खत तयारच असतं, आणि शैवाळाला बहर येतो. आपली दिवाळी आणि नदीची दिवाळी आगेमागे.

सुंगटं तर दोन घरांची. अंडी समुद्रात, पोरं नखाएवढी असताना भरतीबरोबर नदीत येतात, दोन-चार महिने इथल्या चिखलात वाढतात आणि परत समुद्रात. शेवटोही अंडी समुद्रातच घालतो. मोठ्या कुर्लीची मादी अंडी सोडायला बाहेर जाते. म्हणजे ट्रॉलरला जे सुंगट मिळतं त्याचं लहानपण कुठल्यातरी खाजनाच्या दाराशी गेलेलं असतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, पण नदीतलं दार बारा महिने चालू.

मानशीवरचा
म्हणजे काकाच्या जाळ्यात येणारी बारकी सुंगटं ही समुद्रात परत निघालेली पोरं?

चिखलवाचक
बरीचशी. ओहोटीबरोबर, रात्री, पुनव-अमावास्येला जास्त निघतात. म्हणूनच तुम्ही तेव्हा जाळं लावता.

मानशीवरचा
हे काकाला सांगायचं की नाही विचार करतोय. जाळ्याचे डोळे फार बारीक आहेत त्याच्या.

अलिबागचा_पाव्हणा
जिताड्याचं एक ऐकलंय, आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. खरं का? मित्र म्हणतो थापा मारतोस.

चिखलवाचक
खरं आहे. लहानपणी नर, बरीच वर्षं जगून मोठा झाला की मादी. म्हणजे सव्वादोन किलोचा हा नरच असण्याची शक्यता जास्त. आणि सात-आठ किलोचा धूड लिलावात आला की लोक फोटो काढतात, ती बहुतेक अंडी घालणारी बाई असते.

खारीतली_बाय
बाईच्या नशिबी मोठं झालं की लिलाव. असो.

कुंभारजुवेकर
धागा उशिरा पाहिला. चोणकाला कोण खातं हे कोणी लिहिलं नाही. आमच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, गोड्या पाण्याची जात पण खाऱ्यातही मजेत राहते. मुख्य खाणं मासे. शिवाय पाणमांजरं, ती टोळीने मासे हाकतात, आणि बांधावर त्यांची विष्ठा सापडते ती नुसती खवले आणि कुर्लीच्या कवचांचा चुरा, मासळीबाजाराचा वास. जाळीपण फाडतात, खोटं कशाला सांगू, आमचं एक जाळं दोनदा शिवलंय.

फोंड्याकडच्या काही गावांत पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर घालतात, मांगे थापणी म्हणतात, अंगावर खवल्यांसारखे शिंपले लावतात. लहानपणी मला वाटायचं घाबरून पूजा करतात. आजोबा म्हणाले घाबरून नव्हे, ती बांधावर असते म्हणजे बांध आहे.

बांधावरून
आजोबा बरोबर बोलले. मगर आमच्याही बांधावर ऊन खायची. बांध गेला, तीही दिसत नाही.

(बांधाला सगळ्यात जास्त त्रास मगरीचा नाही, कुर्लीच्या बिळांचा. एक बीळ, मग पाण्याचा धागा, मग एका पुनवेला भगदाड. पूर्वी बांध बघायला माणूस ठेवलेला असायचा, रोज चालत जाऊन बिळं चिखलाने बुजवायचा. वर दिवाडच्या बाईंनी जिचं कौतुक केलं तीच ही कुर्ली. आणि खनिजाच्या बार्जी चालू होत्या तेव्हा त्यांच्या लाटांनी उरलेलं काम केलं.)

दिवाडची_फेरी
माझी कुर्ली बदनाम झाली 😔

पाणकावळा
अवांतर, पण आजीच्या घराच्या खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या आहेत, काचेऐवजी. त्यापण खाडीतल्याच का?

चिखलवाचक
हो, चिखलावर आडवी पडून राहणारी चपटी शिंपली, जुवारीत चिखलीच्या खाडीत अजून आहे. पाणी गाळून शैवाळ खाते. जुन्या गोव्यात काच महाग, म्हणून ही घासून चौकटीत बसवायचे, उजेड दुधासारखा येतो. म्हणजे आजीच्या खोलीत येणारा उजेडही डायटम खाऊनच वाढलेला आहे. आजीला विचारा, एखादी चकती निसटली असेल तर टाकू नका म्हणावं, नवीन मिळणं अवघड.

हिशेबी
आता घरी खिडक्यापण ऑडिट कराव्या लागणार.

मानशीवरचा
अपडेट. काकाला धागा वाचून दाखवला. पोरं परत निघालेली असतात हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पावणीचे पैसे पोरं भरणार का. तेही खरं आहे. पण काल जाळं काढलं तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा बारकी सुंगटं त्याने चाळून परत पाण्यात टाकली, निदान मी बघत होतो तोवर. जाळं तेच आहे.

@बांधावरून तुमच्या बांधाचं काय ते खाजगीत लिहा, काकाच्या ओळखीत चिखलाचा बांध घालणारे दोन म्हातारे अजून आहेत, पेंढा-माती थर देऊन घालतात. मजुरी घेतात पण पहिल्या पावसात जात नाही.

आणि आज आईने काळुंदर कापलं. आत हिरवं, नुसतं हिरवं, शेवाळाच्या तारा. आई म्हणते आता या घरात मासा शिजायला दुपारचे तीन वाजतात, आधी पोट बघायचं असतं म्हणे.

बांधावरून
लिहिलंय. नंबर पाठवा.